घडीची होडी

"लूर्डस, तुझं वजन किती?" नोएलने बाहेरच्या खोलीतून विचारलं आणि माझ्या शिलाई मशीनचं चाक थांबलं. लग्नाला तीस वर्षं होत आली. या माणसाने मला नाही नाही ते विचारलं आहे, पण हे कधी नाही. सुईखाली कुणाच्या तरी मुलीच्या पहिल्या कम्युनियनच्या फ्रॉकची झालर होती. "चौसष्ट," मी म्हणाले. खरं एकाहत्तर आहे. "कशाला हवंय?" "लोड काढतोय गं. दोन माणसं, पाणी, डबा, नांगर." कॅल्क्युलेटरची बटणं वाजली. "झकास. बसतंय." भाजी दोन माणसांना पुरेल ना, असं विचारावं इतक्या सहज तो दोन माणसं म्हणाला. मी पुन्हा चाक फिरवलं, पण टाका भलतीकडेच पडला आणि झालरीचा तेवढा तुकडा मला उसवावा लागला.

दोन माणसं. म्हणजे एक तो आणि एक मी. घरात तिसरं कुणी नाही. हे मला आधी कळायला हवं होतं, पण कळलं नव्हतं खरं. नोएलचं सगळं आयुष्य विमानं दुरुस्त करायच्या हँगरमध्ये गेलं, पत्र्याला पत्रा जोडण्यात, आणि निवृत्त झाल्यावर बाकीचे पुरुष सकाळचं फिरणं किंवा बायकोचं डोकं खाणं यांतलं एक काहीतरी निवडतात तशी त्याने होडी निवडली. घरच्या घरी बांधता येईल असा एक नकाशा त्याने इंटरनेटवरून मागवला. दोन लांब, चिंचोळ्या होड्या शेजारी शेजारी, त्यांना जोडणाऱ्या बिजागरीच्या दांड्या, मध्ये बसायला ताणलेली जाळी आणि वर एक शीड. दांड्यांच्या खिट्ट्या काढल्या की दोन्ही होड्या सरकत येऊन एकमेकींना चिकटतात आणि सगळं प्रकरण एका गाडीच्या जागेत मावतं. नोएलचा जीव जडला तो त्या घडीवर. आमच्याकडे गाडी नाही, पण बिल्डिंगखाली खांबांच्या मध्ये गाडीची जागा आहे, आणि ती इतकी वर्षं रिकामी ठेवल्याबद्दल सोसायटीतले लोक आम्हाला वेड्यात काढत. घडी घालायची कला बोरिवलीत राहणाऱ्याला कुणी शिकवावी लागत नाही. आमचं जेवणाचं टेबल भिंतीत मिटतं, कपड्यांच्या काठ्या दोरीने छताला जातात, आमची मुलगी शॅरन नोकरीसाठी बंगळूरला गेली तेव्हा तिची खोली आठवडाभरात मिटून माझं शिवणकामाचं दुकान झाली. मीसुद्धा बऱ्याच ठिकाणी अशी मिटून बसले आहे, आणि ते इतकं सवयीचं झालं होतं की त्या दिवशी सकाळी कुणीतरी माझं वजन विचारल्यावर मला दचकायला झालं.

मला वाटलं होतं, होडी त्याची. मी मदत करत होते, ती माझी हौस. या प्रकारच्या होडीत खिळे मारत नाहीत. प्लायवूडच्या लांब पट्ट्या कापायच्या, कडेने भोकं पाडायची, तांब्याच्या तारेने पट्टीला पट्टी शिवायची, आणि मग आतून बाहेरून रेझिन आणि काचेच्या धाग्याची पट्टी लावून सांधा पक्का करायचा. शिवायची म्हणजे अगदी शिवायचीच. पहिल्या दिवशी नोएलने घातलेले टाके मी पाहिले आणि मला राहवलं नाही. एक टाका ताणलेला, एक सैल, मध्येच लाकूड फुगलेलं. "अरे, हे काय गोणपाट आहे का?" म्हणून मी त्याच्या हातातली पक्कड घेतली. त्यानंतर रोज दुपारी गिऱ्हाइकं नसली की मी खाली जायचे आणि आम्ही दोघं खांबांच्या सावलीत लाकूड शिवत बसायचो. पण माझ्या मनात चित्र पक्कं होतं: एक दिवस होडी तयार होईल, नोएल तीत बसून जाईल आणि मी वाळूवर उभी राहून हात करीन. त्यात मला काही वाईट वाटत नव्हतं. होड्या आणि बायका यांचं नातं मी एवढंच पाहिलं होतं.

मी खाडीपलीकडच्या गावची. गोराईच्या जेट्टीवरून फेरी घेतली की पलीकडे रिक्षा मिळते आणि शेवटच्या क्रॉसपाशी उतरलं की आमची आळी. नोएल मरोळचा, म्हणजे भातवाला. त्यांच्या शेतांवर आता काचेच्या इमारती आहेत. आमच्या समाजात भातवाले आणि मासेवाले एकाच अल्तारासमोर गुडघे टेकतात, पण लग्नाच्या जेवणात एकमेकांची चेष्टा केल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. नोएलला समुद्र म्हणजे कॅलेंडरवरचं चित्र. त्याला ठाऊकच नव्हतं की आमच्या गावात बाई होडीत चढत नाही, आणि मी त्याला कधी सांगितलं नव्हतं, कारण प्रसंगच आला नाही. फेरीत चढते, फेरी म्हणजे पाण्यावरची बस. होडी वेगळी. हे कुठे लिहिलेलं नाही, कुठल्या फादरने कधी सांगितलेलं नाही, आणि कुणी मला दरडावून बजावल्याचंही आठवत नाही. होडी आली की आम्ही बायका गुडघाभर पाण्यात उभ्या राहायचो आणि पुरुष वरून टोपल्या द्यायचे. होडीची बाहेरची बाजू मला तोंडपाठ होती, कुठे शिंपले चिकटलेत, कुठे डांबर निघालंय, कुठली फळी नवी. आतलं काही माहीत नव्हतं. त्यात गंमत म्हणजे बाबांच्या होडीचं नाव होतं लूर्डस माता. ती पाण्यात उतरली त्याच साली मी जन्मले आणि तिचं नाव मला दिलं. तेव्हा एक लूर्डस रोज पहाटे समुद्रात जायची आणि दुसरी वाळूवर उभी राहून तिची वाट बघायची.

एकदाच मी विचारलं. अकरा-बारा वर्षांची असेन. बाबा होडी लावून टोपल्या उतरवत होते आणि माझा थोरला भाऊ कॉस्मस, ज्याला सगळं गाव दादूस म्हणतं, तो माझ्याहून फार मोठा नसूनही आत उभा राहून पाणी उपसत होता. मी म्हटलं, "बाबा, मना पण न्या ना एकदा." बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, राग पुढे कामाला तरी येतो. ते हसले, हातातली टोपली खाली ठेवली, मला उचलून खांद्यावर बसवलं आणि तसेच पाण्यात शिरले, छातीपर्यंत पाणी येईस्तोवर, होडीला पूर्ण वळसा घालून. "बघ, तुजी होडी," म्हणाले. त्या उंचीवरून मी पहिल्यांदा आत पाहिलं. ओल्या दोराची वेटोळी, पाणी उपसायचा डबा, मातेचं काचेतलं चित्र, आणि एका फळीवर अर्धं खाल्लेलं केळं. एवढंच. मग त्यांनी मला परत आणून वाळूवर ठेवलं, आणि ते इतक्या मायेने ठेवलं की नाही म्हटलंय हे कळायला मला बरीच वर्षं लागली. बाबांवर चिडायची सोयच नव्हती. ते गेले, ती होडीही कुजून गेली, दादूसने इंजिनवाली मोठी घेतली, मी लग्न होऊन बोरिवलीला आले आणि लोकांच्या मुलींचे फ्रॉक शिवू लागले. तरी अजून केळ्याचा वास आला की कधीकधी मी त्या खांद्यावर असते, आणि पुन्हा खाली येते.

वजन विचारून झाल्यावर दोनतीन दिवसांनी शिडाचं काम निघालं. शिडाला लागणारं खरं कापड भलतंच महाग, म्हणून नकाशावाल्याने ताडपत्रीचंही चालेल असं लिहिलं होतं. पावसाळ्यात अख्ख्या उपनगराच्या छपरांवर पसरलेली असते तीच निळी ताडपत्री नोएलने आणली आणि गच्चीवर अंथरली. "सरळ तीन कोपऱ्यांचं कापायचं आणि कडा मुडपायच्या, सिंपल," तो म्हणाला. मी नकाशा पाहिला. शिवणी सरळ नव्हत्या. प्रत्येक शिवण टोकाशी जरा आत वळत होती, आणि मला एकदम कळलं की हा कागद मी रोज बघते. सपाट कापडाला अंग द्यायचं असेल तर टक्स घ्यावे लागतात. ब्लाउज तसाच होतो. शीड सपाट नसतं. वारा त्यात मावायला हवा. मी गुडघ्यांवर बसून खडूने आखायला लागले. ऊन होतं, ताडपत्री तापून तिचा घासलेटसारखा वास येत होता, गुडघे भाजत होते, आणि मला आत कुठेतरी इतकं छान वाटत होतं की त्याचीच भीती वाटायला लागली. कारण दर शिवणीला मी एक विचार करत होते: हे ताणलं जाईल तेव्हा मी कुठे असेन? वाळूवरून शिडाची पाठ दिसते फक्त. पोट दिसतं ते आत बसलेल्याला. मी इतकी वर्षं शिवते आहे, पण माझं शिवण मी नेहमी दुसऱ्याच्या अंगावर पाहिलं. फ्रॉक चर्चच्या मधल्या वाटेने चालत जातो आणि मी मागच्या बाकावरून बघते की खांद्याला सुरकुती पडली का. हे शीड मला आतून बघायचं होतं. साधी इच्छा, पण ती झाली आणि मी खडू खाली ठेवला. दिवसभर मी त्या इच्छेला काही ना काही कारणं देत राहिले, वय, गुडघे, पोहता येत नाही, लोक काय म्हणतील, आणि एकही कारण तिच्यापुढे धड उभं राहीना.

संध्याकाळी नोएल चहा पीत होता. "एकाहत्तर," मी म्हणाले. "काय एकाहत्तर?" "माझं वजन." त्याने माझ्याकडे पाहिलं. हसला असता तर मी कप फेकून मारला असता. पण त्याने शांतपणे कॅल्क्युलेटर काढला, बटणं दाबली आणि म्हणाला, "बसतंय अजून. सुकाणू तुझ्याकडे, शिडाची दोरी माझ्याकडे. दोरी ओढायला जोर लागतो." त्याला वाटत असावं, आपण फक्त कामं वाटून देतोय.

होडी पहिल्यांदा उघडली त्या दिवशी वाट लागली. मिटलेली आमच्या जागेत बसायची, पण उघडायची तर दोन जागा हव्यात, आणि शेजारची जागा सोसायटीचे सेक्रेटरी केयूरभाई यांची. ते बाहेर गेलेत हे पाहून आम्ही खिट्ट्या काढल्या, दोघांनी दोन बाजूंनी ओढलं, खटाखट दांड्या सरळ झाल्या, आणि समोर एकदम एवढी मोठी चौकोनी वस्तू उभी राहिली की दोघंही मागे सरकलो. तेवढ्यात केयूरभाईंची गाडी आली. त्यांनी हॉर्न वाजवला, मग वाजवायचा थांबवला, उतरले, होडीभोवती एक फेरी मारली. "भाभी, ये खुलता है तो बंद भी होता है ना?" नोएलने बंद करून दाखवली. केयूरभाई म्हणाले, "फिर से खोलो," आणि ते म्हणताना हा टक्कल पडलेला, मेंटेनन्ससाठी सगळ्यांच्या मागे लागणारा माणूस इतका उत्सुक दिसला की आम्ही पुन्हा उघडली. त्यांची गाडी अर्धा तास रस्त्यावर उभी होती.

मग दादूसला फोन करायचा राहिला. पाण्यात कुठे उतरवायची यावर आमचा वाद झालाच नव्हता. इकडच्या खाडीत ओहोटीला नुसता चिखल आणि तिवरं; वाळूचा किनारा हवा, आणि मला आमचाच हवा होता. "ये गो ये," दादूस फोनवर म्हणाला. "आयतवारच्या मिसापाठी भरती हाय, तवा उतरवू. नोएलना म्हणावा, आमी हाव. बाटली मसाला काढून ठेवलाय तुज्यासाठी, नेशील." मी म्हटलं, आम्ही दोघं बसणार आहोत. पलीकडे त्याच्या घरातला पंखा घरघरत होता. मग तो म्हणाला, "तुना ठावं हाय ना. तू व्हॅलेन्सियासंगती वाळूवर बस. तिना पण सोबत होल." व्हॅलेन्सिया त्याची बायको. आवाज अगदी बाबांसारखा होता, तेवढाच मऊ, आणि मी काय केलं? "हो," म्हणाले. फोन ठेवून स्वयंपाकघरात गेले, भांडी घासलेली होती ती पुन्हा घासली, आणि स्वतःला म्हटलं, वा गं बाई, अजून तशीच आहेस, उचललं की वर जातेस आणि ठेवलं की खाली बसतेस.

नोएलला मी हे सांगितलं ते रविवारी, टेम्पोत. मागे मिटलेली होडी दोरांनी बांधलेली, पुढे ड्रायव्हरशेजारी आम्ही दोघं, भाईंदरमार्गे लांबचा वळसा. त्याने कपाळाला हात लावला. मग म्हणाला, "यार, मला सांगायचं ना. मढला गेलो असतो, मार्व्याला गेलो असतो. कुणाला पडलीय?" "मला पडलीय," मी म्हणाले. "मार्व्याच्या वाळूवरून मी कुणाच्याही होडीत बसले तरी काय? मला या वाळूवरून बसायचंय." हे बोलून झाल्यावर मला समजलं की हेच खरं होतं. समुद्राची हौस असती तर पर्यटकांच्या बोटी काय कमी आहेत. मला बाबांच्या किनाऱ्यावरून होडीत बसून जायचं होतं, आणि सगळ्यांनी ते पाहायला हवं होतं, आणि दादूस माझा भाऊ राहायला हवा होता. या तीन गोष्टी एकदम मिळत नाहीत हेही कळत होतं. टेम्पोचा ड्रायव्हर आरशातून मागच्या होडीकडे बघत म्हणाला, कुठल्या शूटिंगचं सामान आहे का हे? नोएलने त्याला घडी समजावून सांगितली.

किनाऱ्यावर चर्चमधून मिसा आटोपून आलेले लोक जाळी विणत बसले होते. दादूस स्वच्छ शर्टात पुढे आला, नोएलला मिठी मारली, माझ्या डोक्यावर हात ठेवला. व्हॅलेन्सिया पाणी घेऊन आली. आम्ही होडी वाळूवर ठेवली आणि उघडली. दांड्या खटाखट सरळ झाल्या, जाळी ताणली गेली, आणि जाळी विणणाऱ्यांमध्ये एक हशा पिकला तो थांबेना. दादूसने भोवती चक्कर मारली. जाळीवर हाताने थाप मारून पाहिली, बाजारातल्या पलंगावर मारतात तशी. त्याचा चेहरा हळूहळू उजळत गेला. "आगो," तो मोठ्याने म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "ही होडी नाय! ही खाट हाय. बघा रे, नवार ताणलेली, पाय मिटनारे. खाटंवर बाई बसली तं काय झाला?" सगळे हसले, पण त्या हसण्यात सुटकाही होती. दादूस माझ्याकडे बघत होता आणि त्याच्या डोळ्यांत विनवणी होती. त्याने रात्रभर विचार केला असणार, मला नाही कसं म्हणावं आणि हो कसं म्हणावं, आणि आत्ता त्याला वाट सापडली होती. नोएलने टाळी वाजवली. "परफेक्ट! खाट तर खाट. चल लूर्डस, प्रॉब्लेम सॉल्व्ह."

मी बुडू नये म्हणून घालतात ते जाकीट घातलं होतं, नारिंगी, कंबरेला पट्टा. फक्त पाऊल उचलायचं होतं. कुणी अडवणार नव्हतं, उद्या कुणी बोलणार नव्हतं, भाऊ राहणार होता, मसाला मिळणार होता. इतकं सोपं कुणी करून दिलं तर माणसाने आभार मानावेत. पण मी पाऊल उचललं नाही. मी त्या लाकडाची प्रत्येक शिवण ओळखत होते. कुठल्या टाक्याला तार माझ्या बोटात घुसली, कुठे रेझिन कमी पडलं म्हणून पुन्हा लावलं, डावीकडच्या होडीचं नाक जरा वाकडं झालंय आणि ते नोएलने मला खपवून घ्यायला सांगितलंय, सगळं. ही खाट? आणि मला आठवलं, बाबाही असेच. त्यांनीही मला नाही म्हटलं नव्हतं. खांदा दिला, आणि म्हणाले ही तुझी होडी. माझ्या माणसांना मला दुखवता येत नाही, म्हणून ते दर वेळी मला होडीसारखं दुसरंच काहीतरी देतात. एवढं प्रेम घेऊन मी करू काय? माझे डोळे भरून आले, आणि रागानेच आले, हे मी मुद्दाम सांगते, कारण व्हॅलेन्सियाला ते आनंदाचे वाटले आणि तिने माझा खांदा थोपटला.

"दादूस," मी म्हणाले. आवाज फाटला, म्हणून पुन्हा म्हणाले. "दादूस, ही होडी आहे. मी शिवलीय. शीडही मी शिवलंय. मी होडीत बसतेय, खाटेवर नाही. तुला चालणार नसेल तर आत्ता नाही म्हण. मी ऐकणार नाही, पण तू म्हण तरी."

हसणं बंद झालं. एक म्हातारा जाळ्यातून मान वर करून बघत राहिला. नोएल म्हणाला, "अगं..." आणि गप्प बसला, आणि तो गप्प बसला याबद्दल मी त्याचं बरंच काही माफ केलं. दादूसचा चेहरा आधी लाल झाला, मग कसातरीच, लहानपणी बाबांच्या हातून मार खाण्याआधी व्हायचा तसा. त्याने खाली पाहिलं. मला वाटलं, आता हा वळेल आणि घरी जाईल, आणि सणाला मी यायची बंद होईन. पाणी वर सरकत आलं होतं. तो गुडघ्यावर बसला. त्याने होडीच्या पोटाखाली हात घातला आणि नाकापासून शेपटीपर्यंत सांध्यावरून बोटं फिरवत नेली, दोन्हींच्या, सावकाश, एकदाही वर न बघता. एका ठिकाणी थांबून त्याने नखाने खरवडलं. "पाणी घेते काय?" त्याने विचारलं. "नाही घेत," मी म्हणाले. "आत पाणी भरून बघितलंय." "हं," म्हणाला. "नाक वाकडा हाय हिचा." "माहितीय मला."

तो उठला, गुडघ्याची वाळू झटकली, आणि जाळी विणणाऱ्यांकडे वळून ओरडला, "उठा रे! होडी लोटायची हाय!"

आमच्या किनाऱ्यावर या हाकेला कुणी नाही म्हणत नाही. भाऊबंदकीत वर्षानुवर्षं बोलणं तुटलेलं असलं तरी होडी लोटायची म्हटल्यावर माणूस हातातलं टाकून येतो, खांदा लावतो आणि एक शब्दही न बोलता परत जातो. ते उठले. तो म्हाताराही उठला. आमची होडी दोन माणसं उचलून नेतात, मुळात त्याचसाठी ती तशी बांधलेली आहे. नोएल ते सांगायला तोंड उघडत होता, मी त्याच्या दंडाला चिमटा काढला. दहाबारा जण तिला लागले. व्हॅलेन्सिया जराशी घुटमळली, मग पदर खोचून तिनेही हात लावला आणि दादूसने ते पाहून न पाहिल्यासारखं केलं. त्यांच्या खांद्यांना वजनदार होड्यांची सवय. "हैऽऽ" म्हणून सगळ्यांनी एकदम जोर लावला आणि होडी अशी सुसाट सुटली की निम्मे लोक पाण्यात तोंडावर पडले, दादूस सगळ्यांत पुढे, रविवारच्या शर्टासकट. "आयला, वजनच नाय गो हिना!" तो नाकातलं पाणी शिंकरत ओरडला. मी धावत गेले. कमरेइतक्या पाण्यात नोएलने तिला धरून ठेवली होती. मी काठावर हात रोवले, पोटावर आडवी पडले आणि आत गडगडले, अगदी कसंही, पाय वर, एकाहत्तर किलो. कुणी उचललं नाही.

नोएल दुसऱ्या बाजूने चढला आणि वल्हं मारायला लागला. मी सुकाणूचा दांडा धरला. तो जिवंत होता, म्हणजे पाणी त्याला ढकलत होतं आणि तो माझ्या तळहाताला ढकलत होता, याची मला कुणीच कधी कल्पना दिली नव्हती. "खेच आता," मी म्हणाले, नोएलने दोरी खेचली, ताडपत्री दोनदा फडफडली आणि मग तिचं पोट भरलं. एकही सुरकुती नव्हती. दोन्ही होड्यांखालून पाणी सळसळायला लागलं आणि किनारा मागे जायला लागला, तिथली माणसं, क्रॉस, माड, सगळं, आणि मी ते पहिल्यांदाच या बाजूने पाहत होते. हसू येत होतं आणि दात वाजत होते.

मागून हाका ऐकू आल्या. दादूस छातीभर पाण्यात उभा होता, दोन्ही हात वर करून. पुढे पाण्याखाली जो खडक आहे, भरतीला दिसत नाही, त्याच्याबद्दल तो सांगत होता. "डाव्या अंगाला ठेव! डाव्या अंगाला! लांबून जा!" नोएलने वळून विचारलं, "काय म्हणतोय?" पण दादूस नोएलशी बोलत नव्हता. ज्याच्या हातात सुकाणू आहे त्याच्याशी तो बोलत होता, आणि जसा तो आपल्या खलाशांवर ओरडतो तसाच, शिवीसकट ओरडत होता.

मी खडक डाव्या अंगाला ठेवला आणि लांबून गेले.